रस्ता नवा, झाडं जुनी: दोन्ही टिकवायची तर कोणतं काम कधी करायचं

रस्त्याच्या काँक्रिटीकरणाची बातमी आली की सोसायट्यांच्या ग्रुपवर सह्यांची मोहीम सुरू होते, आणि महापालिकेत ‘नागरिकांचा कामाला विरोध’ असा शेरा पडतो. चूक दोन्हीकडे एकच असते. झाडांचा विषय काम मंजूर झाल्यावर निघतो. तोवर रस्त्याची रुंदी, पावसाळी वाहिनीची जागा आणि खोदाईची खोली हे सगळं पूर्वगणनपत्रकात (कामाच्या खर्चाच्या अंदाजपत्रकात) बसलेलं असतं. मग ठेकेदाराला आराखडा बदलायचा नसतो आणि कनिष्ठ अभियंत्याला तो बदलता येत नाही.

दुसरी चूक अधिक महाग पडते. तोडायच्या यादीतली चार झाडं वाचवण्यात सगळी ताकद जाते आणि यादीत नसलेली वीस झाडं खोदाईत मुळं तुटून दोन-तीन वर्षांत वाळतात किंवा वळवात आडवी होतात. कागदावर ती ‘वाचलेली’च असतात.

खालचे टप्पे महाराष्ट्रातल्या महापालिका हद्दीतल्या रस्त्यांसाठी आहेत आणि रहिवासी व अभियंता दोघांनाही वापरता येतील असे लिहिले आहेत. नगरपरिषदेतही क्रम हाच राहतो, फक्त अर्ज मुख्याधिकाऱ्यांच्या नावे जातो.

## टप्पा १: आधी कागद, मग सह्या

काम या क्रमाने पुढे सरकतं: अर्थसंकल्पातली तरतूद, पूर्वगणनपत्रक, तांत्रिक मान्यता, निविदा, स्थायी समिती, कार्यादेश. तुमचा शब्द सर्वात स्वस्तात ऐकला जातो तो तांत्रिक मान्यतेच्या आधी. निविदा निघाल्यावर प्रत्येक बदल म्हणजे वाढीव खर्चाचा प्रस्ताव, आणि तो कुणालाच नको असतो. म्हणून काम फक्त अर्थसंकल्पात दिसत असतानाच हे कागद मागा:

- रस्त्याचा आडवा छेद (रुंदी कशी वाटली आहे ते दाखवणारं चित्र) आणि मांडणीचा नकाशा, झाडांच्या जागांसह
- पूर्वगणनपत्रकाची बाबनिहाय प्रत
- पावसाळी वाहिनी, मलवाहिनी, पाणी, वीज, गॅस आणि केबल यांचा सेवावाहिन्यांचा नकाशा
- उद्यान विभागाचा अभिप्राय असल्यास तो, आणि झाडांबाबत केलेल्या अर्जाची प्रत

आधी पथ विभागात तोंडी विचारा, मग साध्या पत्राने. आठवडाभरात काही मिळालं नाही तर माहिती अधिकार. महाराष्ट्रात अर्जाची फी १० रुपये आहे, अर्ज एकाच विषयावर आणि १५० शब्दांच्या आत हवा. ही शब्दमर्यादा विसरून तीन पानी निवेदनवजा अर्ज केले जातात आणि त्याच कारणाने परत येतात. ‘झाडं का तोडता?’ हा प्रश्न माहिती अधिकारात बसत नाही. ‘अमुक कामाच्या पूर्वगणनपत्रकाची प्रत’ बसते. उत्तराची मुदत ३० दिवसांची आहे, त्यामुळे अर्ज सर्वात आधी टाका आणि पुढचे दोन टप्पे त्या महिन्यात उरका.

तपासा: नकाशात झाडं दाखवलीच नसतील तर तो सर्वेक्षणातला दोष आहे. सर्वेक्षणात झाडं घेऊन नकाशा सुधारावा, एवढीच मागणी पहिल्या पत्रात करा. बाकीचं नंतर.

## टप्पा २: झाडांची मोजणी

‘रस्त्यावर शंभर वर्षांची डेरेदार झाडं आहेत’ या वाक्याचा अभियंत्याला काही उपयोग नसतो. त्याला अंतरं लागतात. दोन माणसं, ३० मीटरची टेप, शिंप्याची टेप, खडू आणि लोकेशन चालू असलेला फोन एवढ्यावर एका सकाळी तीनशे-चारशे मीटर रस्ता होतो.

प्रत्येक झाडासाठी नोंदवा:

1. क्रमांक. वृक्षगणनेचा असेल तर तोच, नसेल तर रस्त्याच्या एका टोकापासून तुमचा. डावी आणि उजवी बाजू वेगळी.
2. जात. गुलमोहर आणि सोनमोहर यांत गल्लत करू नका. फुलं नसताना शेंगा बघा: गुलमोहराच्या लांब, तलवारीसारख्या, सोनमोहराच्या आखूड, तांबूस.
3. खोडाचा घेर, जमिनीपासून १.३७ मीटरवर. त्याखाली खोड फुटलं असेल तर प्रत्येक फाट्याचा वेगळा.
4. बुंध्याच्या मध्यापासून सोसायटीच्या भिंतीपर्यंत आणि रस्त्याच्या कडेपर्यंतचं अंतर.
5. सर्वात खालच्या मोठ्या फांदीची उंची. फुटपाथवर साधारण २.२ मीटर आणि बस-ट्रकच्या रस्त्यावर साडेपाच मीटर मोकळी हवी. कमी असेल तर छाटणीचा विषय आहे, तोडीचा नाही.
6. प्रकृती: बुंध्यावर आळंबी, पोकळी, वाळलेला शेंडा, एका बाजूला जमीन उचललेली किंवा भेगाळलेली.

फोटो तीन: पूर्ण झाड, बुंधा टेपसह, आणि वर बघून फांद्यांचा घेर.

वयाचा पुरावा याच वेळी गोळा करा. २०२१ च्या दुरुस्तीनंतर राज्याच्या वृक्ष कायद्यात ५० वर्षं किंवा त्याहून जुनं झाड ‘वारसा वृक्ष’ ठरतं, आणि भरपाईची झाडंही तोडलेल्या झाडाच्या वयाइतकी लावायची आहेत. घेरावरून काढलेल्या वयावर वाद होतो. सोसायटीचं भोगवटा प्रमाणपत्र, लेआउटची मंजुरी, घरातले जुने तारीखवार फोटो असं काहीही चालतं. १९७२ च्या लग्नाच्या वरातीमागे झाड दिसत असेल तर तो फोटो जपून ठेवा.

## टप्पा ३: मुळांची वर्तुळं नकाशावर

झाडाची बहुतेक मुळं जमिनीच्या वरच्या ६० सेंटिमीटर ते एक मीटरच्या थरात आडवी पसरतात. अन्नपाणी शोषणारी बारीक मुळं तर वरच्या ३० सेंटिमीटरमध्येच. आता काँक्रीट रस्त्याचे थर मोजा: खाली खडी-मुरमाचा थर १५० ते ३०० मिलिमीटर, त्यावर दुबळं (कमी सिमेंटचं) काँक्रीट १५० मिलिमीटर, वर मुख्य स्लॅब २५० ते ३०० मिलिमीटर. म्हणजे बॉक्स कटिंग (या थरांसाठीची सरळ खोदाई) ५५ ते ७५ सेंटिमीटर. झाड जिथे जगतं नेमका तोच थर जेसीबी उचलून डंपरमध्ये टाकतो. काँक्रिटीकरणात झाडं डांबरीकरणापेक्षा जास्त का मरतात, याचं मुख्य कारण हे आहे.

प्रत्येक झाडाभोवती दोन वर्तुळं काढा.

बाहेरचं वर्तुळ. त्रिज्या खोडाच्या व्यासाच्या १२ पट. घेर मोजला असेल तर घेराला ३.८ ने गुणा. १८० सेंटिमीटर घेराच्या झाडाला ही त्रिज्या सुमारे ६.९ मीटर येते. या वर्तुळात वरच्या थरात यंत्राने खोदाई नको आणि पृष्ठभाग पाणी जिरवणारा हवा.

आतलं वर्तुळ. यातली मुळं झाडाला उभं धरतात, इथे खोदाई नकोच. ऑस्ट्रेलियन मानकातल्या सूत्राने, बुंध्याचा तळाशी व्यास ४० सेंटिमीटर असेल तर त्रिज्या साधारण २.२५ मीटर, ६० ला २.७, ८० ला ३ आणि एक मीटरला ३.३ मीटर.

बारा मीटरच्या रस्त्यावर ६.९ मीटरचं वर्तुळ अर्ध्याहून जास्त रस्ता व्यापतं. ‘या वर्तुळात काहीच करू नका’ अशी मागणी केलीत तर बैठक तिथेच संपेल. आतलं वर्तुळ ठाम धरा आणि बाहेरच्यात पद्धतीवर बोला.

शिवाय रस्त्याकडेच्या झाडाची मुळं वर्तुळात पसरतातच असं नाही. एका बाजूला दबलेला रस्ता आणि दुसरीकडे सोसायटीची बाग असेल तर बरीचशी मुळं बागेत असतात. खात्री करायला चाचणी खड्डा लागतो: प्रस्तावित कर्बच्या (फुटपाथच्या उंच कडेच्या) रेषेत, अर्धा मीटर रुंद, ६० ते ७५ सेंटिमीटर खोल, कुदळ-फावड्याने. हा खड्डा महापालिकेनेच घ्यायचा. रहिवाशांनी परस्पर खोदू नये. खाली वीज आणि गॅस असतो.

## टप्पा ४: प्रत्येक झाडाला एक पर्याय

सगळी झाडं एका सुरात मांडू नका. चार गट करा: हमखास ठेवायची, आराखडा थोडा वाकवून ठेवायची, चर्चेची, आणि काढावी लागणारी. चौथा गट रिकामा ठेवला की पहिल्या तिन्हींवरचा विश्वास जातो. बुंधा पोकळ होऊन आळंबी धरलेला आणि जमीन एका बाजूने उचललेली असेल, तर ते झाड शाळेच्या फाटकासमोर ठेवा असं म्हणू नये.

पर्याय असे, सोप्यापासून अवघडाकडे.

लेनची रुंदी. शहरातल्या अंतर्गत रस्त्याला साडेतीन मीटरची लेन लागत नाही, तीन मीटर पुरते. बारा मीटरचा रस्ता घ्या. दोन लेन मिळून ६ मीटर. उरलेल्या ६ मीटरचे दोन्ही बाजूंना तीन-तीन. त्या तीनात १.८ मीटर मोकळा फुटपाथ, जो भारतीय रस्ते काँग्रेसच्या पादचारी मार्गदर्शिकेतला किमान आकडा आहे, आणि १.२ मीटरचा झाडांचा पट्टा. एका बाजूला पार्किंग हवंच असेल तर ६ मीटर लेन, २ मीटर पार्किंग आणि झाडांचा सामायिक पट्टा, आणि दोन्हीकडे दोन-दोन मीटर फुटपाथ. बेरीज बाराच.

झाड पार्किंगच्या पट्ट्यात. दोन गाड्यांच्या मध्ये कर्बचं बेट करून झाड त्यात घ्यायचं. दुकानदारांना वाटतं सगळं पार्किंग गेलं. खडूने प्रत्यक्ष आखून दाखवा: समांतर पार्किंगला गाडीमागे पाच-सहा मीटर लागतात, दीड-दोन मीटरच्या बेटाने एका गाडीच्या जागेचा तिसरा हिस्सा जातो.

कर्ब वळवणं. बुंध्यापाशी फुटपाथ थोडा अरुंद झाला तर चालतो, पण व्हीलचेअर जाईल इतकी, म्हणजे किमान ९० सेंटिमीटरची वाट उरली पाहिजे. त्याहून कमी उरत असेल तर हा पर्याय मांडू नका. झाडासाठी अपंगांना रस्त्यावर उतरवणारा आराखडा योग्यही नाही आणि टिकतही नाही.

वाहिनीची बाजू बदलणं. पुष्कळदा झाडाच्या जिवावर उठलेली असते ती पावसाळी वाहिनी, रस्ता नव्हे. वाहिनी समोरच्या बाजूला किंवा रस्त्याच्या मध्याकडे सरकवता येते का, हे सेवावाहिन्यांच्या नकाशावर बघा. चेंबर तरी आतल्या वर्तुळाबाहेर हवेत. तेही शक्य नसेल तर त्या दहा-पंधरा मीटरमध्ये उघडा चर न घेता मुळांखालून, किमान एक मीटर खोलीवर, आडवं ड्रिलिंग.

व्हाइट टॉपिंग. जुन्या डांबरावरच १०० ते २०० मिलिमीटर काँक्रीट टाकायचं, म्हणजे बॉक्स कटिंग टळतं. मात्र रस्त्याची पातळी तेवढीच वर येते आणि सोसायटीचं फाटक खाली राहिलं तर पावसाचं पाणी आवारात शिरतं. फाटकांच्या पातळ्या मोजल्याशिवाय हा आग्रह धरू नका. मुळात खालचं डांबर खचलेलं असेल तर हा पर्याय बादच.

सावधान: ‘झाड जाग्यावर ठेवा आणि कर्बला टेकून काँक्रीट घ्या’ ही तडजोड सर्वात लोकप्रिय आणि सर्वात वाईट. रस्त्याकडची आधारमुळं कापली जातात, झाडाचं वजन तेवढंच राहतं.

## टप्पा ५: संयुक्त स्थळपाहणी

बोलवा: पथ विभागाचे उपअभियंता, उद्यान विभागाकडून वृक्ष अधिकारी किंवा सहायक, पावसाळी वाहिनीचं काम वेगळ्या खात्याकडे असेल तर तेही, आणि वाहतूक पोलीस. एक खातं गैरहजर राहिलं की बाकीचे त्याच्याकडे बोट दाखवतात, म्हणून तारीख त्यांच्या सोयीची घ्या.

त्याआधी आपसांत बसा. दुकानदार, ज्येष्ठ नागरिक, गाडी फांदीखाली सापडलेला माणूस, पानगळीने पन्हाळ तुंबणारी सोसायटी या सगळ्यांचं आधी ऐकून घ्या. अधिकाऱ्यांसमोर रहिवासीच एकमेकांत भांडले तर निर्णय मूळ आराखड्याचाच होतो.

पाहणीच्या दिवशी झाडांची यादी आणि पर्याय एकाच कागदावर, झाडामागे एक ओळ. शेवटचा रकाना रिकामा: ‘स्थळपाहणीतला निर्णय’. तो तिथेच भरायचा आणि सगळ्यांच्या सह्या घ्यायच्या. ‘झाडं वाचवण्याचा प्रयत्न करू’ असं मोघम वाक्य नको. ‘क्र. १४, पर्जन्यवृक्ष, कर्ब १.२ मीटर पश्चिमेला’ असं हवं. सह्या झाल्या नाहीत तर त्याच संध्याकाळी ईमेलने इतिवृत्त पाठवा आणि दुसऱ्या दिवशी आवक-जावकमध्ये प्रत देऊन शिक्का घ्या.

## टप्पा ६: झाडावर नोटीस लागली तर

महाराष्ट्र (नागरी क्षेत्रे) झाडांचे संरक्षण व जतन अधिनियम, १९७५ नुसार झाड तोडण्याचा अर्ज आला की वृक्ष अधिकाऱ्याने पाहणी करायची, वृत्तपत्रात जाहीर सूचना द्यायची आणि झाडावरही नोटीस लावायची. हरकतीची मुदत नोटिशीतच असते, सहसा सात दिवस. २०० किंवा त्याहून जास्त झाडांचा प्रस्ताव राज्य वृक्ष प्राधिकरणाकडे पाठवायची तरतूद २०२१ च्या दुरुस्तीत होती. एकाच रस्त्याचे तुकडे करून वेगवेगळे अर्ज झालेत का ते बघा.

नोटिशीचा फोटो तारखेसह घ्या, झाडाच्या खोडासकट. नुसत्या कागदाचा फोटो नोटीस कुठे होती हे सांगत नाही.

हरकत झाडनिहाय लिहा. सामायिक सह्यांच्या पत्राला सामायिक उत्तर मिळतं. नमुना:

‘विषय: अमुक रस्ता, वृक्ष क्र. १४, पर्जन्यवृक्ष, घेर १८० सें.मी. तोडीस हरकत. १) प्रस्तावित आडव्या छेदात लेन ३.५ मी. आहे, ३ मी. घेतल्यास हे झाड झाडांच्या पट्ट्यात येते, सोबत रेखाचित्र. २) वृक्ष निरोगी आहे, फोटो जोडले आहेत. ३) दि. ... च्या संयुक्त पाहणीत कर्ब सरकवण्याचे ठरले होते, इतिवृत्त जोडले आहे. सुनावणीस उपस्थित राहण्याची संधी मिळावी आणि निर्णय कारणांसह लेखी कळवावा.’

एवढं पुरतं. ऑक्सिजनचे आकडे आणि कविता नकोत.

परवानगी मिळाल्यानंतरही पंधरा दिवस झाड तोडता येत नाही, आणि तोडताना वृक्ष अधिकारी किंवा त्यांनी नेमलेली व्यक्ती हजर लागते. पहाटे किंवा लागून आलेल्या सुट्ट्यांत करवत चालू झाली तर आधी परवानगीची प्रत मागा आणि क्रमांक जुळवा. परवानगी १४ ची आणि करवत १५ वर, असं होतं.

सावधान: ‘धोकादायक’ हा शेरा असलेल्या झाडाला ही सगळी प्रक्रिया लागू होत नाही. पाहणीची टिपणी आणि फोटो मागा. टप्पा २ मधले तुमचे फोटो इथे कामाला येतात.

## टप्पा ७: ठरलेलं निविदेत आणा

अभियंत्यांसाठी हा टप्पा सर्वात महत्त्वाचा आणि सर्वात जास्त वगळला जाणारा. ठेकेदार इतिवृत्त वाचत नाही, तो बाबनिहाय दरपत्रक वाचतो. बाब नाही तर पैसे नाहीत, आणि पैसे नाहीत तर हाताने खोदाई होत नाही. पूर्वगणनपत्रकात स्वतंत्र बाबी हव्यात:

- झाडाभोवती तात्पुरतं कुंपण, नगात
- मुळांच्या क्षेत्रात मनुष्यबळाने खोदाई, घनमीटरमध्ये, वेगळ्या दराने
- ठरलेल्या झाडांखालून आडवं ड्रिलिंग, मीटरमध्ये
- उघड्या मुळांना गोणपाट आणि पाणी
- झाडाच्या आळ्याची माती आणि वाळूच्या थरावर पेव्हर ब्लॉक
- कामाच्या काळात आणि नंतर टँकरने पाणी

नुकसानीच्या दंडाची अटही हवी. या कायद्यात ‘झाड तोडणे’ या व्याख्येत जाळणं, कापणं आणि कोणत्याही प्रकारे इजा करणं हे सगळं येतं. आधारमुळं कापणं ही इजाच आहे, हे निविदेच्या अटीत लिहून ठेवलं की साइटवरचा वाद कमी होतो.

तपासा: कार्यादेशाच्या तारखेआधी वृक्ष प्राधिकरणाची (झाडतोडीला मंजुरी देणाऱ्या समितीची) परवानगी हातात आहे का? कार्यादेश आधी देऊन अर्ज नंतर केला की ठेकेदाराची यंत्रं उभी राहतात, दिवस मोजले जातात आणि सगळा दाब वृक्ष अधिकाऱ्यावर येतो.

## टप्पा ८: खोदाईचे दिवस

आधी वेळ. मार्चअखेरीस निधी संपवायची घाई आणि पावसाळ्याआधी रस्ता उघडायची घाई, म्हणून बहुतेक खोदाई एप्रिल-मेमध्ये होते. मुळं तेव्हा कापली जातात, उन्हाने उघड्यावर सुकतात, आणि मे अखेरीच्या वळवाचं वारं त्याच झाडाच्या पूर्ण भरल्या पानोऱ्यावर आदळतं. झाडांलगतचा भाग डिसेंबर-जानेवारीत उरकला तर झाडाला नवी मुळं धरायला काही महिने मिळतात. एकाच झाडाच्या दोन्ही बाजूंना एकाच हंगामात चर घेऊ नका.

खोदाईआधी. आतल्या वर्तुळाची रेषा जमिनीवर रंगाने. कुंपण बांबू किंवा पत्र्याचं, खोडाला खिळे न ठोकता. आत खडी, वाळू, राडारोडा, मजुरांची चूल, जनरेटर काहीच नको. मातीवर एकदा ढीग बसला की ती दबते आणि मुळांची हवा तुटते. ढीग नंतर हलवला तरी माती मोकळी होत नाही.

खोदताना. बाहेरच्या वर्तुळात वरचा ६०-७० सेंटिमीटरचा थर हाताने काढा, त्याखाली यंत्र चालेल. जेसीबीचं बकेट मूळ कापत नाही, ओढतं. चराच्या कडेला तुटलेलं दिसणारं मूळ आत बुंध्याच्या दिशेने बरंच चिरलेलं असतं आणि कूज तिथून शिरते.

मूळ लागलं की जाडी बघा. २५ मिलिमीटरपर्यंत, म्हणजे अंगठ्याएवढं असेल तर धारदार करवतीने चराच्या आतल्या कडेशी सरळ कापा. त्याहून जाड असेल तर थांबा, वृक्ष अधिकाऱ्याला बोलवा, आणि शक्यतो वाहिनी त्याच्याखालून घ्या. कापलेल्या तोंडावर डांबर, ऑइलपेंट, शेण काही लावू नका. त्याने फायदा होत नाही.

उघडी मुळं तासाभरात ओल्या गोणपाटाने झाका आणि दिवसातून दोन-तीनदा भिजवा. चर शक्यतो त्याच दिवशी, नाहीतर दुसऱ्या दिवशी भरा, काढलेल्याच मातीने आणि १५ सेंटिमीटरच्या थरांत. या भागात चर काँक्रीटने भरायची ठेकेदाराची सवय असते. लवकर होतं आणि दाबावं लागत नाही. ते होऊ देऊ नका.

काँक्रीट ओतताना. आळ्याकडच्या बाजूला शटरिंगला प्लास्टिक लावा. ट्रान्झिट मिक्सर धुतलेलं पाणी हमखास झाडाच्या आळ्यात सोडलं जातं, कारण तोच एक उघडा खड्डा दिसतो. सिमेंटचं ते पाणी माती अति अल्कधर्मी करतं. धुण्याची जागा आधीच ठरवून द्या.

छाटणी. मुळं कमी झाली म्हणून शेंडा उडवू नका. नवी मुळं पानांनी केलेल्या अन्नावरच वाढतात. आधारमुळं गेली असतील आणि पावसाळा तोंडावर असेल तर टोकांचं वजन हलकं करा, पानोऱ्याच्या चौथ्या हिश्श्याच्या आत आणि सगळीकडून सारखं. फक्त रस्त्याकडच्या फांद्या कापल्या की झाड भिंतीकडे झुकतं, आणि पुढच्या वर्षी तेच ‘धोकादायक’ ठरतं.

रहिवाशांनी रोज दोनदा येऊन फोटो काढावेत: चर उघडल्यावर आणि भरण्याआधी. मुकादमाशी भांडू नये. त्याला सूचना देण्याचा अधिकार कनिष्ठ अभियंत्याला आहे, फोटो त्याला पाठवा. खोदाईत काही सापडलं आणि आराखडा बदलावा लागला, तर तो बदल साइटच्या आदेशवहीत लिहिला गेला का ते विचारा.

## टप्पा ९: फुटपाथ आणि आळं

काम संपत आल्यावर ‘फिनिशिंग’मध्ये झाडांचा गळा आवळला जातो. दिल्लीत राष्ट्रीय हरित लवादाने २०१३ मध्ये झाडांभोवतीचं एक मीटर काँक्रीट काढायचे आदेश दिले, ते याच सवयीमुळे. मोठ्या झाडाला मीटरही कमीच. दीड बाय दीड मीटर उघडं ठेवा, आणि झाडं रांगेत असतील तर वेगवेगळे चौकोन न करता सलग मातीचा पट्टा.

पेव्हर ब्लॉक म्हणजे पाणी जिरतं, हा समज अर्धवट आहे. ब्लॉकखाली काँक्रीटचा थर असेल तर पाणी जिरत नाही. बाहेरच्या वर्तुळात ब्लॉक वाळूच्या थरावरच बसवा.

पार बांधायचा मोह आवरा. बुंध्याभोवती दीड-दोन फुटांची भिंत बांधून त्यात माती भरली की बुंध्याची साल ओली राहून कुजते. मातीची पातळी होती तेवढीच राहिली पाहिजे. जमिनीशी बुंधा रुंद होताना दिसला पाहिजे. बसायला जागा हवी तर बाक टाका.

तपासा: बादलीभर पाणी आळ्यात ओता. ते साचून राहिलं तर माती दबलेली आहे. ती काट्या-कुदळीने वरचेवर मोकळी करा, खोल नाही.

## टप्पा १०: पुनर्रोपण आणि भरपाईची झाडं

‘झाड तोडत नाही, हलवतो’ हे ऐकून समाधान मानू नका. हलवायच्या झाडासोबत मातीचा गोळा खोडाच्या व्यासाच्या आठ ते दहापट रुंद लागतो. तीस सेंटिमीटर व्यासाच्या झाडाला अडीच-तीन मीटरचा गोळा, वजन दहा टनांच्या आसपास. मुळं आधी काही महिने टप्प्याटप्प्याने कापून तयारी करावी लागते, आणि खाली सेवावाहिन्या असतील तर एवढा गोळा निघतच नाही. फांद्या खोडापर्यंत साफ करून, मुठीएवढी मुळं ठेवून क्रेनने उचललेलं झाड महिनाभर हिरवं फुटतं, ते खोडातल्या साठ्यावर. नंतर वाळतं. लहान झाडांना, आणि वड-पिंपळ-उंबरासारख्या चिवट जातींना ही संधी बऱ्यापैकी असते.

भरपाईची झाडं सहा ते आठ फूट उंचीची, जिओ-टॅग केलेली आणि सात वर्षं सांभाळायची, अशी तरतूद आहे. त्यांची जागा त्याच रस्त्यावर किंवा त्याच प्रभागात मागा. तारांखाली बकुळ, ताम्हण, कांचन अशी मध्यम झाडं. जिथे दोन-अडीच मीटरचा मोकळा पट्टा आहे तिथेच कडुनिंब, करंज.

## काम संपल्यावर

अंतिम बिल होण्याआधी टप्पा २ ची यादी घेऊन पुन्हा फिरा. मोजमाप वहीत ‘मनुष्यबळाने खोदाई’ नोंदली आहे आणि तुमच्या फोटोत जेसीबी आहे, तर ते बिल मंजूर होण्याआधीच लेखी कळवा.

पहिल्या उन्हाळ्यात मोठ्या झाडाला आठ-दहा दिवसांनी ४००-५०० लिटर पाणी द्या. बुंध्याशी नको, फांद्यांच्या घेराच्या कडेखाली, आणि सावकाश. पानं लहान निघणं, शेंडे वाळणं, अवेळी पानगळ ही मुळं गेल्याची लक्षणं. ती दिसायला कधी दोन-तीन वर्षंही जातात. नव्याने आलेला झुकाव किंवा बुंध्यापाशी जमिनीत पडलेली भेग मात्र त्याच दिवशी वृक्ष अधिकाऱ्याला कळवायची आणि खालच्या गाड्या हलवायच्या. रस्त्याचा दोषदायित्व कालावधी (दोष निघाल्यास ठेकेदाराने दुरुस्त करायची मुदत) चालू असेपर्यंत दर पावसाळ्याआधी, मेच्या पहिल्या आठवड्यात, ही पाहणी लावून घ्या.